बायकांची गाडी

चि. चिऊ,



तुझा मेसेज वाचला. आइंडहोव्हनला पोचून जेमतेम सामान लावलंस आणि लगेच निकालही देऊन टाकलास: इथे लहानथोर सगळे सायकलवर, हे लोक कशाला मोटारी बनवायच्या भानगडीत पडतील! ऑटोमोटिव्ह शिकायला गेलेल्या मुलीने असं लिहावं? अगं, तू ज्या गावात शिकतेस त्याच गावात एक मोटार जन्माला आली होती. तिला क्लचचं पेडल नव्हतं आणि गिअर बदलायची कटकट नव्हती. तिच्या पोटात जी युक्ती होती, तिच्याच सुट्या भागांवर नाना पेठेतलं आपलं दुकान इतकी वर्षं चाललं. तुझ्या बारावीच्या क्लासची फीसुद्धा त्यातूनच गेली.

त्या गाडीचं नाव डाफ. डाफचे ट्रक तुला तिथल्या हायवेवर दिसतीलच, ते आजही बनतात. मोटारी मात्र १९७६नंतर त्या नावाने निघाल्या नाहीत.

डाफचा कर्ता माणूस ह्यूब व्हान दोर्न. जन्म १ जानेवारी १९००, लिम्बर्ग प्रांतातल्या एका खेड्यात. खेड्याचं नाव अमेरिका. खोटं वाटत असेल तर नकाशात बघ, तुझ्यापासून फार लांब नाही. बाप लोहार. त्यामुळे मुलाचे हात लहानपणापासून लोखंडात. आइंडहोव्हनमध्ये ह्यूंगेस नावाचे एका बिअरच्या कारखान्याचे संचालक होते. त्यांची मोटार बिघडली की ह्यूब ती दुरुस्त करून द्यायचा. काम इतकं पसंत पडलं, की ह्यूंगेसनी स्वतः भांडवल देऊ केलं आणि कारखान्याच्या आवारातच एक जागाही दिली. १ एप्रिल १९२८ला तिथे वर्कशॉप सुरू झालं. पुढे धाकटा भाऊ विम आला आणि त्याने हिशेब-व्यवहाराची बाजू सांभाळली.

आपल्याकडे गॅरेजवाल्यावर खूश झालेलं गिऱ्हाईक फार तर दिवाळीला मिठाईचा पुडा देतं. असो.

१९३२पासून ते ट्रकला जोडायचे ट्रेलर बनवू लागले आणि कंपनीच्या नावात ट्रेलर आला. मंदीचा काळ होता, तरी ट्रेलर खपले, कारण ह्यूबने वेल्डिंग करून हलकी चासी बनवली होती. चासीचं वजन जितकं कमी, तितका माल जास्त, हे ट्रकवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. मग युद्ध आलं आणि हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेलं. त्या दिवसांत ह्यूबने गुपचूप एक इवलीशी तीनचाकी मोटार बनवली. घराच्या दारातून आत घेता येईल इतकी अरुंद. तिचं पुढचं चाक पुरतं उलटं फिरायचं, म्हणून तिला रिव्हर्स गिअरच नव्हता. लोक तिला 'चालता रेनकोट' म्हणत. पाऊस लागू नये एवढंच तिचं काम. ती कधी विक्रीला आली नाही, पण या माणसाचं डोकं कुठल्या दिशेने चालायचं ते तिच्यावरून कळतं. मोटार म्हणजे ऐट, असं त्याला कधी वाटलंच नाही.

युद्धानंतर १९४९मध्ये ट्रक सुरू झाले आणि कंपनीच्या नावातला ट्रेलर जाऊन मोटार आली. डाफ ही आद्याक्षरं तीच राहिली. आणि मग पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर, ट्रकचं बरं चाललेलं असताना, व्हान दोर्न बंधूंनी ठरवलं की आता सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार काढायची. तीही अशी, की चालवायला शिकणं अवघड जाऊ नये.

आता थोडी यंत्राची गोष्ट. तुझे प्राध्यापक ही तुला समीकरणं मांडून सांगतील. मी काउंटरवरून सांगते.

दोन ताटल्या पाठीला पाठ लावून धर. मधे इंग्रजी व्हीसारखी खाच होते. त्या खाचेत पट्टा बसव. ताटल्या एकमेकींपासून लांब केल्या की पट्टा खाचेत खाली घसरतो आणि छोट्या वर्तुळावर फिरतो. जवळ आणल्या की तो वर चढतो आणि मोठ्या वर्तुळावर फिरतो. अशी एक जोडी इंजिनाकडे, एक चाकाकडे. इंजिनाकडची मिटत गेली की चाकाकडची उघडत जाते. पहिल्या गिअरपासून चौथ्यापर्यंत जे काही असतं ते सगळं, आणि त्यांच्या मधलंही सगळं, एकाही दात्याविना मिळतं. आपल्या स्कूटरमध्ये हे काम व्हेरिएटरमधले रोलर करतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि पुली मिटवतात. रोलर घासून चपटे झाले, की गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "गाडी पिकअप घेत नाही हो." तू लहानपणी दुकानात बसून ते रोलर गोट्या म्हणून खेळायचीस.

डाफमध्ये रोलरऐवजी दुसऱ्या प्रकारची वजनं होती आणि जोडीला इंजिनाच्या हवेच्या नळीतली निर्वात ओढ. म्हणजे वेग किती आहे एवढंच त्या गाडीला कळत नव्हतं, पाय किती दाबलाय हेही कळत होतं. चढावर पाय दाबला की पट्टा आपोआप खाली उतरे. इंजिन पुढे, पट्टे मागे, आणि पट्टे दोन, मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र. त्यामुळे वळणावर दोन चाकांचा वेग वेगळा ठेवणारा डिफरन्शिअल लागला नाही. एक चाक चिखलात रुतलं तरी दुसरं ओढत राहायचं. या सगळ्याला त्यांनी नाव दिलं व्हेरिओमॅटिक. ओळखीचं वाटतंय ना? भारतातल्या गिअरलेस स्कूटरांच्या माहितीपत्रकांत ट्रान्समिशनच्या रकान्यात हाच शब्द छापलेला तू पाहिला असशील.

पट्ट्याची कल्पना ह्यूबने शून्यातून काढली असं मात्र समजू नकोस. पहिल्या महायुद्धाच्या आधीच इंग्लंडमधल्या काही मोटरसायकलींना अशा उघडमिट करणाऱ्या पुल्या होत्या, पण त्या हाताने दांडा ओढून चालवाव्या लागत. स्कूटरवाल्यांनीही ती थेट डाफकडूनच उचलली असं मी म्हणणार नाही. पण हजारोंनी विकायच्या मोटारीत ती पहिल्यांदा बसवली डाफने, आणि चालवणाऱ्याला काही कळू न देता ती आपलं काम करील इतकी शहाणी केली. श्रेय द्यायचं ते याचं.

फेब्रुवारी १९५८मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात डाफ ६०० लोकांसमोर आली आणि पुढच्या वर्षी कारखान्यातून निघू लागली. ५९० सीसीचं दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन, २२ हॉर्सपॉवर. सीटांच्या मधे एक दांडी. पुढे ढकलली की गाडी पुढे, मागे ओढली की मागे. चालकाचं शिक्षण संपलं. जाहिरातीत या दांडीला 'हुशार दांडी' म्हणत आणि ती लोकांच्या तोंडी बसली. १९६१मध्ये ७४६ सीसीचं इंजिन आलं, डॅफोडिल हे नाव आलं. हिवाळा संपता संपता तुला तिथे रस्त्याकडेला जी पिवळी फुलं दिसतील, त्यांच्यावरून.

गाडी खपली. विकत घेणाऱ्यांमध्ये वयस्कर जोडपी होती, बायका होत्या, एका पायाने अधू असलेली माणसं होती. कालपर्यंत ज्यांना मोटार चालवताच येत नव्हती, अशा कितीतरी लोकांना ती येऊ लागली.

आणि तिथेच गाडीचं नाव खराब झालं.

डच पुरुषांनी तिला जी टोपणनावं ठेवली, ती पत्रात लिहायला बरी नाहीत. एकाचा अर्थ साधारण असा, की वेंधळ्या बायकांना हलवत नेणारी, मोज्यांच्या इलॅस्टिकवर चालणारी गाडी. तुझ्या वर्गातल्या एखाद्या डच मुलाला विचार. त्याला नसेल तर त्याच्या आजोबांना नक्की माहीत असेल. गिअर टाकण्यात म्हणे खरं ड्रायव्हिंग. हाताला काम नसेल तर तो ड्रायव्हर कसला!

चिऊ, हे सगळं मी पुण्यात बसून ऐकलं आहे, फक्त मराठीत. १९८४नंतर कायनेटिक होंडा रस्त्यावर आली. बटण दाबलं की सुरू, गिअर नाही, क्लच नाही. तेव्हा आपल्या दुकानासमोर उभे राहणारे बाप्ये काय म्हणायचे? "लेडीज स्कूटर आहे." किक मारताना स्कूटर एका अंगाला कलती करून घाम गाळणं हे मर्दाचं लक्षण होतं. तुझ्या काकांनी डाव्या मुठीतल्या गिअरची स्कूटर कधी मला दिली नाही. "तुला नाही जमणार," हे वाक्य त्यांनी न रागावता, अगदी प्रेमाने म्हटलं होतं. मग मी गिअरलेस घेतली आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीतून मागे पेट्या बांधून माल आणला. आणि पुढे काय झालं? आज रस्त्यावर बघ. हसणारे सगळे बाप्ये त्याच पट्ट्यावर बसून ऑफिसला जातात. त्यांच्या पाठदुखीने त्यांना तो शहाणपणा शिकवला.

डाफला मात्र तेवढा वेळ मिळाला नाही. कंपनीने मग काय करावं? आपली गाडी पुरुषांचीही आहे हे सिद्ध करायला निघाली. मला या प्रयत्नांचं हसूही येतं आणि कौतुकही वाटतं. त्यांनी चक्क फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतीच्या गाडीत व्हेरिओमॅटिक बसवला. ती चालवणाऱ्यांत हाईस व्हान लेनेप होता, ज्याने पुढे दोनदा ले माँची शर्यत जिंकली. इटलीच्या मिकेलॉट्टीकडून रूप बदलून घेतलं आणि १९६६मध्ये देखणी डाफ ४४ काढली. मग रेनॉचं चार सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन आणून डाफ ५५ काढली. आणि ती ५५ घेऊन ते मुंबईला आले.

हो, मुंबईला. १९६८ची लंडन ते सिडनी मॅरेथॉन. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली असं करत पहिला टप्पा मुंबईत संपला. तिथून गाड्या 'चुसान' नावाच्या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. म्हणजे अनातोलियाचे डोंगर आणि अफगाणिस्तानातले घाट उतरून दोन रबरी पट्ट्यांवर चालणारी गाडी आपल्या मुंबई बंदरात उभी होती. चालक रॉब स्लोटेमाकर, झांडव्होर्टला घसरणाऱ्या रस्त्यावर गाडी कशी सावरायची ते शिकवणारा मास्तर, आणि जोडीला रॉब यान्सेन. सिडनीला ते सतरावे आले. पुढे याच शर्यतीच्या नावाने डाफने ५५ची 'मॅरेथॉन' आवृत्ती काढली. सतरावा नंबर हा काही झेंडा लावण्यासारखा पराक्रम नव्हे, पण मोज्यांच्या इलॅस्टिकला तेवढा पुरे.

एक गंमत सांगायची राहिली. डाफमध्ये उलटं जाताना सगळी पट्ट्यांची यंत्रणाच उलटी फिरायची. म्हणजे पुढे जितका वेग, मागेही तितकाच. हॉलंडमध्ये उलट्या गाड्या पळवण्याच्या शर्यती होत. त्यांत डाफसाठी वेगळा गट करावा लागला, कारण दुसरी कुठली गाडी तिच्यापुढे टिकायची नाही.

डाफची मोटार शेवटी कशाने गेली? हसण्याने गेली असं लिहिलं तर वाचायला बरं, पण मला ते पुरतं पटत नाही. व्यवहार मोठा होता. लिम्बर्गच्या दक्षिणेला सरकारी कोळशाच्या खाणी होत्या. डिसेंबर १९६५मध्ये आर्थिक व्यवहार मंत्री योप डेन आउल यांनी हेरलेनच्या नाट्यगृहात उभं राहून त्या बंद करण्याची घोषणा केली. हजारो खाणकामगारांना काम हवं होतं. मग सरकारी मदतीने बोर्न गावात डाफचा नवा मोटार कारखाना उभा राहिला आणि त्या सरकारी खाण कंपनीनेही मोटारींच्या धंद्यात भांडवल घातलं. जमिनीखाली कोळसा फोडणाऱ्या हातांनी गाड्या जोडायच्या. हेतू चांगला. पण ट्रक बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीच्या अंगावर एवढा मोठा कारखाना आला आणि समोर फोक्सवॅगन, ओपेल, फियाट अशी धेंडं. नवीन मॉडेल काढायला लागतो तो पैसा छोट्याकडे नसतो. त्यात पट्ट्याच्याही मर्यादा होत्याच. इंजिन जसजसं ताकदवान झालं तसतसा रबरी पट्टा कमी पडू लागला.

१९७२मध्ये डाफ ६६ आली, मागच्या एक्सलमध्ये मोठी सुधारणा करून. सगळ्यात चांगली डाफ तीच, आणि तेव्हा उशीर झाला होता. स्वीडनच्या व्होल्वोने आधी एक तृतीयांश आणि १९७५मध्ये पाऊण हिस्सा घेतला. ६६वर व्होल्वोची पाटी लागली. डाफने पुढची म्हणून आखलेली गाडी १९७६मध्ये व्होल्वो ३४३ म्हणून निघाली, पहिल्यांदा फक्त व्हेरिओमॅटिकसह. गिऱ्हाइकं म्हणाली, आम्हाला गिअर पाहिजेत, आणि व्होल्वोने ते दिले. ही मालिका मग दहा लाखांवर खपली. हे वाचून मला जरा वाईट वाटलं. डाफच्या नावाने निघालेल्या मोटारी सगळ्या मिळून आठ लाखांच्या वर. बोर्नच्या कारखान्याने नंतर मित्सुबिशीही बनवल्या आणि मिनीही, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तिथली शेवटची मिनी बाहेर पडली.

ह्यूब व्हान दोर्न यांनी मात्र पट्टा सोडला नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १९७२मध्ये, त्यांनी फक्त ट्रान्समिशनसाठी वेगळी कंपनी काढली. रबर कमी पडतं ना, मग पोलादाचा पट्टा करा! पोलाद वाकवायचं कसं? पातळ पोलादी पट्ट्यांच्या थरांवर शेकडो छोट्या पोलादी चकत्या ओवायच्या. आणि सगळ्यात डोकेबाज भाग असा, की हा पट्टा ओढत नाही, ढकलतो. एक चकती पुढच्या चकतीला रेटते. लोहाराच्या पोराची ही शेवटची करामत. १९७९मध्ये ते गेले. तो पट्टा घातलेली पहिली गाडी, सुबारू जस्टी, १९८७मध्ये बाजारात आली. हसणारे तोवर निवृत्त झाले असतील. १९९३मध्ये विल्यम्सने फॉर्म्युला वनच्या गाडीत हा पट्टा घालून चाचणी घेतली. स्पर्धेत उतरायच्या आधीच नियम बदलून अशा ट्रान्समिशनवर बंदी आली. बायकांची गाडी म्हणून हिणवलेल्या युक्तीला स्पर्धेतून बाहेर ठेवायला नियम करावा लागला, हे मला फार आवडलं. १९९५मध्ये बॉशने ह्यूब यांची ती ट्रान्समिशनची कंपनी घेतली. जपानी कंपन्यांच्या सीव्हीटी, म्हणजे अशाच पट्ट्यावर चालणाऱ्या, गाड्यांत हे पट्टे लाखांनी गेले, आणि त्या गाड्या आपल्या पुण्यातही फिरतात.

आता कामाचं. पहिलं, डाफचं म्युझियम आइंडहोव्हनमध्येच आहे, टोंगेलरेसेस्ट्राट या रस्त्यावर, ज्या आवारात ते पहिलं वर्कशॉप होतं तिथेच. या सुट्टीत जा. चकचकीत रंग बघत बसू नकोस. ६०० दिसली की वाकून मागच्या चाकांच्या मधे बघ आणि पट्टे, पुल्या यांचे स्वच्छ फोटो काढ. 'चालता रेनकोट'ही तिथेच आहे. त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढलीस तर चालेल.

दुसरं, प्रोजेक्टला विषय सापडत नाही म्हणतेस. पोलादी पट्ट्याची ती कंपनी टिलबर्गला आहे, तुझ्यापासून ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर. इलेक्ट्रिक स्कूटरींना व्हेरिएटर लागत नाही, त्यामुळे आपल्या दुकानातली पट्ट्यांची विक्री यंदा उतरली आहे. मोटारींतही तेच होणार की इलेक्ट्रिक गाडीत हा पट्टा काही उपयोगाचा ठरेल, हे मला काउंटरवरून कळत नाही. तू तिथे विचार. वर्गातली मुलं सगळी बॅटरीवर तुटून पडली असतील. तू पट्टा घे. प्राध्यापकांना मेल या आठवड्यातच टाक, आणि मला कॉपी ठेव.

तुझी,
मावशी